एक्स-रे स्वच्छ आहे, पण नडगी दुखते. धावत राहावं का?

तुम्ही लिहिलंय की 800 मीटर धावता, सहा आठवड्यांपूर्वी स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून ट्रॅकवरचा सराव बराच वाढवला, आता डाव्या नडगीत एकाच जागी दुखतं, एक्स-रेत काही सापडलं नाही आणि स्पर्धा पाच आठवड्यांवर आली आहे. धावू नका. आधी क्रीडावैद्यक डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआयचं विचारा.

मी 1500 मीटर धावायचो. एक्स-रे स्वच्छ आल्यावर मलाही हायसं वाटलं होतं. त्यानंतर अकरा दिवस धावलो. बाराव्या दिवशी वळणावर पाय टेकवला आणि पुढचं पाऊल टाकता येईना. स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडणारी, बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

सराव वाढवला की शरीरातलं रक्ताचं प्रमाण आणि हृदयाची क्षमता काही आठवड्यांतच वाढते. दम टिकतो, लॅपची वेळ खाली येते, मग आपण आणखी जोर लावतो. हाडाची गती वेगळी असते. नवा भार पडला की हाडाचा जुना भाग आधी खरवडून काढला जातो आणि मग तिथे नवं हाड भरलं जातं. खरवडणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते, आणि नेमका तेव्हाच आपला दम सगळ्यात चांगला असतो. वेळ मिळाला तर हाड खरंच घडतं. तिहेरी उडी मारणाऱ्यांच्या नडगीचं हाड इतरांपेक्षा जाड आढळतं, पण ते वर्षानुवर्षांच्या सरावाचं फळ असतं.

तुमचे प्रशिक्षक म्हणतात तसं हे नुसतं शिन स्प्लिंट्स, म्हणजे चीर न पडता जास्त सरावाने होणारं नडगीचं दुखणंही असू शकतं. त्यात नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो आणि वॉर्म-अपनंतर बऱ्याचदा कमी होतो. तुमचं दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या जागेत आहे, धावताना वाढतं आणि रात्रीही ठणकतं, म्हणून मला चिंता वाटते. नडगीच्या पुढच्या बाजूची चीर तर फार चिवट असते. ती भरायला कित्येक महिने लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिचं उदाहरण घ्या. महिला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम तिच्या नावावर होता, पण 2008 मध्ये मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि बीजिंग ऑलिंपिकला ती अपुऱ्या तयारीनिशी उतरली. 23वी आली.

एमआरआय होईपर्यंत दम टिकवायचा असेल तर खोल पाण्यात कमरेला तरंगता पट्टा बांधून धावा. मात्र दुखलं की तेही थांबवा.

आणखी एक. सराव वाढवताना जेवण वाढवलंत का? खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर हाडांच्या डागडुजीत काटकसर करतं. मुलींमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं ही त्याची मोठी खूण, आणि ती दिसली तर डॉक्टरांना नक्की सांगायची. मुलांमध्ये अशी ठळक खूण नसते, त्यामुळे खाणं कमी पडतंय हे लक्षात यायचं राहून जातं. वजन उतरलं असेल तर तेही सांगा.

एमआरआय झाला की दुखरी जागा आतल्या कडेला निघाली की पुढच्या, ते इथे लिहा. त्यावरून परतीच्या सरावाचं बोलता येईल.