संजीवन सभा झाली, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रभू येशूच्या नावाने सलाम. मी ऐरोलीला राहतो आणि रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. आमची मराठी मंडळी (चर्च) लहान आहे. बहुतेक कुटुंबे नगर-जालन्याकडून आलेली आहेत. स्वतःची इमारत नसल्यामुळे भाड्याच्या हॉलमध्ये सकाळी मल्याळी मंडळीची आणि दुपारी आमची उपासना होते. गेल्या डिसेंबरात आम्ही मंडळीच्या आध्यात्मिक जागृतीसाठी तीन दिवसांची संजीवन सभा घेतली. बाहेरगावचे प्रवक्ते आले, लोक रडले, अनेकांनी उभे राहून समर्पण केले. परंतु फेब्रुवारी उजाडेपर्यंत सारे पूर्ववत झाले. कमिटीतील दोन कुटुंबे हिशेबाच्या वादावरून चार वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतील भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, मात्र दोघेही येतात. आता काहींनी पुन्हा सभेसाठी वर्गणी सुरू केली आहे. खरे संजीवन कसे मागावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओघात लिहून पुढे गेला आहात. त्याकडे येतोच; आधी शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे सुवार्तेच्या, म्हणजे बाहेरच्यांना ख्रिस्ताचा संदेश सांगण्याच्या, मेळाव्यालाही संजीवन सभा म्हणण्याची सवय पडली आहे. वास्तविक पवित्र शास्त्रातील ८५ व्या स्तोत्रातील मागणी ‘आम्हांला पुन्हा जिवंत कर’ अशी आहे, आणि त्यातील ‘पुन्हा’ हा शब्द ज्यांना एकदा जीवन लाभले होते त्यांच्यासाठीच आहे. पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सार्दीस नगरातील मंडळीला जे ऐकावे लागले ते असे, की तू जिवंत आहेस असे तुझे नाव आहे, पण तू मेलेला आहेस. ही मंडळी बंद पडलेली नव्हती. तिचे नाव चांगले होते.

मराठी मंडळ्यांना संजीवनाचे उदाहरण शोधण्यासाठी संजीवनाबद्दल गाजलेले वेल्स किंवा अमेरिका गाठण्याची गरज नाही. दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, जून १९०५ मध्ये जे घडले त्याची कथा आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकली असेल; परंतु ती सांगताना बहुधा जूनपासून सुरुवात केली जाते आणि जानेवारी वगळला जातो. त्या वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसण्यासाठी स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी आल्या. ही संख्या वाढत वाढत जूनपर्यंत ५५० झाली आणि त्या दिवसातून दोनदा जमत. त्यांतील कित्येक दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या. तेथे नामवंत प्रवक्ता नव्हता की जाहिरात नव्हती. पुढे मुली रडल्या, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि त्या गलबल्यावर टीकाही झाली. म्हणून आपल्या सभेतील अश्रू खोटे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. फरक अश्रूंच्या नंतर दिसतो. मुक्तीतील मुलींनी आपली पापे उघड कबूल केली आणि त्यांचे गट आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागले. आपल्याकडे सभेनंतर मंडप उतरला आणि भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, एवढेच झाले असेल, तर त्याचा दोष केवळ प्रवक्त्यांकडे जात नाही.

आता त्या वाक्याकडे, म्हणजे एकमेकांशी न बोलता प्रभुभोजनाला येणाऱ्या दोन कुटुंबांकडे. करिंथ नगरातील मंडळीत फुटी असताना प्रभुभोजन चालले होते, आणि तुमचे एकत्र येणे हिताचे नसून हानीचे होते, असे प्रेषित पौलाने त्यांना पत्रात स्पष्ट लिहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. तेथे ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असल्यास’ असे नसून ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असल्यास’ असे म्हटले आहे. त्यामुळे चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबण्याची सवलत दोन्ही कुटुंबांना नाही. पण वाद हिशेबाचा असेल, तर नुसते हस्तांदोलन करवून आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून तो मिटणार नाही. महिनाभरात पुन्हा वर येईल. मंडळीबाहेरच्या, दोन्ही घरांना मान्य असलेल्या दोन जाणत्या व्यक्तींना पावतीपुस्तके आणि बँकेचे पासबुक घेऊन बसवावे, एकेक नोंद जुळवून पाहावी, आणि जे निघेल ते मंडळीपुढे वाचून दाखवावे. तूट निघाली तर ती भरून द्यावी, संशय खोटा ठरला तर ज्याने तो पसरवला त्याने त्याच मंडळीपुढे क्षमा मागावी. जक्कय या जकातदाराने घरी आलेल्या प्रभूसमोर चौपट परतफेडीचा आकडा उच्चारला होता. आपल्या पश्चात्तापात आकडा उच्चारण्याची आपल्याला भारी लाज वाटते, असा माझा अनुभव आहे.

हे केले म्हणजे संजीवन येईलच, असे मात्र नाही. ते देवाचे दान आहे आणि त्याची तारीख कमिटीच्या बैठकीत ठरत नाही. तरीही मागण्याची आज्ञा आहे. आपण पाळीने काम करता, तेव्हा सर्वांची उपवास-प्रार्थना एका वेळी जमत नसेल, तर रात्रपाळीहून सुटणाऱ्या तिघांनी सकाळी एका घरी वीस मिनिटे बसावे. नव्या सभेची वर्गणी तूर्त थांबवावी, हे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी आपणांस रोष पत्करावा लागेल.

प्रश्न : आमची मुले मराठी उपासनेला कंटाळून इंग्रजी मंडळीकडे जातात. जुनी भजने सोडून दिल्यास तरुणांत जागृती येईल का? — एक भगिनी, कळवा

उत्तर : ताई, आज आपण ज्यांना जुनी भजने म्हणतो, ती एके काळी फार नवी होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी परकी चाल बाजूला ठेवून अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्तभक्ती गायली. रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात वेचली, खेड्यातल्या बाईला ते कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांनाही चिंता होती ती ऐकणाऱ्याला कळण्याची. आपल्या मुलांना भजनाचा कंटाळा आहे की त्यातील निम्मे शब्द कळत नाहीत म्हणून ती गप्प बसतात, हे कोणी त्यांना विचारले आहे का? येत्या रविवारी एकच भजन निवडावे, आधी त्याचा अर्थ दोन मिनिटांत सांगण्याचे काम एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीला द्यावे, आणि ती अडखळली तर मोठ्यांनी मध्येच सावरायला जाऊ नये.