आजोबांवर लिहायचंय ना, आधी त्यांची हत्यारं काढ

अरे, तुझे सुतार आजोबा गेले, त्यांच्यावर लिहायचंय पण सुरुवात कुठून करू म्हणतोस ना? जन्मतारीख, गाव, शिक्षण ते नंतर लिही, आधी आजोबांची सुतारकामाची हत्यारपेटी उघड. माझे आजोबा पण सुतारच, ते गेल्यावर त्यांचा रंधा, म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार, हातात घेतला तर मुठीचं लाकूड बरोब्बर त्यांच्या अंगठ्याएवढं झिजलेलं, तिथंच रडू फुटलं आणि लिखाण पण तिथूनच सुरू झालं. वाकस (लाकूड तासायचं), पटाशी (खाचा पाडायची), गुण्या (काटकोन बघायचा), सगळ्यांचे फोटो काढ. मग तुझ्या आजीला विचार, आजोबा सागवान किती दिवस वाळू द्यायचे, लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारून लाकूड उचकटलं की काय म्हणायचे, चिडायचे कुणावर. ते पण लिही, नुसतं देवमाणूस होते म्हणून सोडू नकोस. आजीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड कर, याच आठवड्यात. आणि त्यांनी केलेले पाळणे, दारं ज्या घरांत अजून आहेत तिथं जाऊन ये.