मर्सी शिप्स या संस्थेच्या रुग्णालय-जहाजावर नर्स म्हणून स्वयंसेवेला जायचंय, खर्च तेच देतात का?

नाही. पगार तर नाहीच, विमानाचं तिकीट, विमा आणि जहाजावर राहण्या-जेवण्याचे पैसेही आपलेच. बरेच जण चर्चमधून किंवा नातेवाइकांकडून निधी जमवतात.

ही ख्रिस्ती संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली आणि रुग्णालय-जहाजं चालवते. तिचं ‘ग्लोबल मर्सी’ हे जहाज सेनेगल, सिएरा लिओनसारख्या आफ्रिकी देशांच्या बंदरात महिनोन्‌महिने नांगर टाकून असतं. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, वाकडे पाय, चेहऱ्यावरच्या गाठी, सगळ्या शस्त्रक्रिया मोफत, रुग्णाचा धर्म न बघता. लहान मुलांच्या वॉर्डात काम भरपूर, आणि शस्त्रक्रियेनंतर पाय प्लास्टरमध्ये असलेल्या पोराला खेळवत ठेवणं हेही त्यातच आलं. स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियनही लागतात बरं का.

या देशांत जायचं तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस विसरू नका. ती मान्यताप्राप्त केंद्रावरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. त्याशिवाय परतलात तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत!

एक आगाऊ सल्ला: दुसरीकडे कुणी ‘दोन आठवडे अनाथाश्रमात मुलं सांभाळा’ म्हणून बोलावलं तर जाऊ नका. मुलांना लळा लागतो आणि तुम्ही निघून येता. नर्स आहात, तेच काम करा.