पूलची बदनामी पुसायची तर आधी एक वही घाला

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. पूलच्या (बिलियर्डसारख्या टेबलावर काठीने बॉल पॉकेटात मारायच्या खेळाच्या) तीन टेबलांचा हॉल, शाळकरी मुलांसाठी वर्ग सुरू करायची इच्छा, "तसल्या ठिकाणी नको" म्हणणारे पालक, आणि क्रीडा कार्यालयाने 'विषय करमणुकीचा आहे' असा शेरा मारून परत पाठवलेला अर्ज. शेवटी तुम्ही विचारलंय की लोकांनी पूलकडे खेळ म्हणून बघावं यासाठी नेमकं करायचं काय. ताई, नऊ वर्षांपूर्वी मी याच जागी उभा होतो. शेरासुद्धा जवळपास हाच होता. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

हॉलमध्ये उजेड हवा, सिगरेट नको, स्वच्छतागृह नीट हवं, बाहेरून आतलं दिसायला हवं, हे तुम्हाला सांगायला नको. फोटोंवरून ते सगळं केलेलं दिसतंय. मी थेट माझ्या चुकीवर येतो, कारण तिच्यापायी माझी जवळजवळ तीन वर्षं गेली.

आम्ही एक खुला दिवस ठेवला होता. सकाळी कुणीही यावं, क्यू (म्हणजे खेळायची लांब काठी) हातात घेऊन बघावा. दुपारी मुलांचे छोटे सामने. संध्याकाळी दोन तगड्या खेळाडूंची लढत. प्रायोजक मिळाला नव्हता आणि ते दोघं बक्षिसाशिवाय खेळायला तयार नव्हते. मग ठरलं की दोघांनी सारखी रक्कम काढायची आणि जिंकेल त्याने सगळी न्यायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी खेळायला लागलो तेव्हापासून हेच बघत आलो होतो. उलट गर्दी जमेल म्हणून खूश होतो.

त्या दिवशी बारा वर्षांची एक मुलगी सकाळपासून स्टॉप शॉटच्या मागे लागली होती. पांढरा बॉल मधोमध किंवा किंचित खाली मारायचा. तो सरळ समोरच्या बॉलवर आदळून जागच्या जागी थांबला पाहिजे. तिचा दर वेळी वीतभर पुढे सरकायचा. क्यू उचलला जातोय, मनगट आवळलं जातंय, हे मी चार-पाच वेळा सांगितलं. दुपारी चारच्या सुमारास तिला जमलं. बॉल पॉकेटात गेला आणि पांढरा जिथे धडकला तिथेच कापडाला चिकटल्यासारखा थांबला. तिने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. ते मोबाईल काढून म्हणाले, "परत मार, व्हिडिओ घेतो."

तेवढ्यात शेजारच्या टेबलापाशी संध्याकाळच्या लढतीतला एक खेळाडू आला. त्याने रबरबँड लावलेली नोटांची गुंडाळी टेबलावरच्या दिव्याच्या पट्टीवर ठेवली. मागून कुणीतरी ओरडलं, "माझेही याच्यावर लाव!" वडिलांनी मोबाईल खिशात टाकला. मुलीच्या हातातला क्यू घेऊन स्टँडला नीट लावून ठेवला आणि "चल" म्हणाले. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. महिनाभरात वर्गातल्या चौदा मुलांपैकी पाच उरली.

त्या गुंडाळीचा फोटो कुणीतरी काढला होता. तो फिरत फिरत ज्या कार्यालयात आमचा अर्ज पडून होता तिथे पोचला. आमच्या अर्जाला जोडलेल्या बावीस कागदांपैकी एकही कुणी वाचला नव्हता, पण तो फोटो छापून फाइलला टाचला होता. त्यानंतर चौदा महिने फाइल दोन टेबलांमध्ये फिरत राहिली. एक साहेब म्हणायचे हा खेळ नाही, करमणूक विभागात जा. तिथले म्हणायचे यात बक्षीस आहे, म्हणजे स्पर्धा आहे, खेळवाल्यांकडे जा. मी दर वेळी अर्धा दिवस बुडवून बाकावर बसायचो. एकदा त्यांना टेबलाचं माप दाखवायला गेलो, तर उत्तर मिळालं, "मापं असलेल्या सगळ्याच वस्तूंचा खेळ होत नाही." हे वाक्य अजून खुपतं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या हातात बोलायला फोटो मीच दिला होता.

या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली आणि तिच्यावर मी ठाम आहे. पूलची बदनामी नुसत्या पैशामुळे झालेली नाही. पैसा टेनिसमध्येही आहे, गोल्फमध्येही आहे. पूल बदनाम झाला तो लपवाछपवीमुळे. पैजेवर खेळणाऱ्याचा सगळा धंदाच आपला खेळ लपवण्यावर चालतो. समोरच्याला कमी भासवायचं, दोन डाव मुद्दाम हरायचं, मग रक्कम वाढवायची. या खेळाचं नावसुद्धा तिथलंच आहे. १९व्या शतकात अमेरिकेत 'पूलरूम' म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेण्याची जागा. 'पूल' म्हणजे त्या पैजांची एकत्र जमा झालेली रक्कम. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे बिलियर्डची टेबलं टाकली गेली आणि ते नाव टेबलालाच चिकटलं.

एफ्रेन रेयेसचंच बघा. माझ्या मते त्याच्यासारखा खेळाडू झाला नाही. १९८५ साली तो फिलिपाइन्सहून अमेरिकेत खेळायला गेला तेव्हा त्याचं नाव तिथल्या खेळाडूंच्या कानावर आधीच गेलं होतं. म्हणून ह्यूस्टनच्या स्पर्धेत तो सेझार मोरालेस या नावाने उतरला आणि जिंकला. पुढे १९९४ मध्ये पूलची यू. एस. ओपन जिंकणारा पहिला बिगर-अमेरिकन तोच, १९९९ चा नाइन-बॉल (पूलचाच एक प्रकार) विश्वविजेताही तोच. इतक्या मोठ्या खेळाडूला स्वतःच्या नावाने उतरणं परवडत नव्हतं, यावरून तेव्हाचं वातावरण समजा. त्याला मी दोष देत नाही, त्याला घर चालवायचं होतं. पण ज्या खेळात नाव लपवावं लागतं त्या खेळात आपली मुलगी पाठवायला बाप कचरणारच.

आता दुसरं टोक बघा. १९५४ साली विली मॉस्कोनीने ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये प्रदर्शनीय सामन्यात एकही न चुकता सलग ५२६ बॉल पॉट केले, म्हणजे पॉकेटात घातले. तिथे बसलेल्या प्रेक्षकांच्या सह्या असलेलं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं गेलं. म्हणून तो आकडा ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. नोंद होती म्हणून विक्रम होता, आणि विक्रम होता म्हणून तो मोडायला कुणीतरी वर्षानुवर्षं सराव केला. खेळ म्हणजे हेच.

म्हणून माझा पहिला सल्ला वहीचा. जाड पुठ्ठ्याची, मोठी, काउंटरवर सगळ्यांना दिसेल अशी. हॉलमध्ये होणारा प्रत्येक ठरलेला सामना तिच्यात लिहायचा: तारीख, दोन्ही पूर्ण नावं, रॅकचा (म्हणजे डावांचा) स्कोअर, दोघांच्या सह्या. टोपणनावं चालणार नाहीत. मुलांसाठी तीन बॉलचा 'घोस्ट' सराव ठेवा, घोस्ट म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्धी. टेबलावर तीन बॉल टाकायचे, पांढरा बॉल पहिल्यांदा हवा तिथे ठेवायचा आणि तिन्ही क्रमाने पॉट करायचे. चुकलं तर गुण घोस्टला. असे दहा प्रयत्न, दहापैकी किती ते लिहायचं. जूनमध्ये दोन, सप्टेंबरमध्ये पाच. हे ज्या आईने कधी क्यू हातात धरला नाही तिलाही कळतं. आमच्याकडे एका आजींनी नातवाचं पान बघून विचारलं होतं, "मागच्या आठवड्यात सहाचे चार कसे झाले?" त्या दिवशी मला खूप बरं वाटलं. गणिताच्या गुणांबद्दल विचारतात त्या आवाजात त्यांनी विचारलं होतं.

मोठ्यांसाठी फार्गोरेटसारखी, खेळाडूची पातळी आकड्यात सांगणारी गुणपद्धत मिळत असेल तर ती वापरा, नसेल तर स्वतःची साधी क्रमवारी लावा आणि भिंतीवर चिकटवा. एक इशारा देतो: हँडिकॅप लावून, म्हणजे कच्च्या खेळाडूला आधीच सूट देऊन, स्पर्धा घेतलीत की काही जण क्रमवारी खाली राहावी म्हणून मुद्दाम हरतील. हा जुनाच रोग आहे. एकदा पकडला तर त्या मोसमापुरतं बाहेर ठेवा, मित्र असला तरी. मी एकाला सोडून दिलं होतं, पुढच्या स्पर्धेला आठ जण आलेच नाहीत.

पैशाबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तरी चालेल. प्रवेश फी घ्या, पण ती टेबल, कापड, पंच आणि दिव्यांसाठी असं लेखी दाखवा. बक्षीस प्रायोजकाकडून आलं तर द्या, नाही आलं तर ढाल द्या. फी गोळा करून तीच विजेत्याला वाटली की अर्ज वाचणाऱ्याला त्यात एकच गोष्ट दिसते. 'प्राइझ पूल' हा शब्द तर कागदावर येऊच देऊ नका. आमच्या पहिल्या अर्जात तो तीनदा होता. आणि हॉलमध्ये कुणी पैज लावताना दिसला तर त्या दिवसापुरतं टेबल बंद. गिऱ्हाईक तुटतं, माझीही तुटली. त्यातली काही परत आली.

(मी वकील नाही. कुठे काय परवाना लागतो आणि बक्षिसाचे नियम काय, ते जागेप्रमाणे बदलतं. हे सगळं एखाद्या जाणकाराला दाखवूनच करा. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगतोय.)

अर्जात 'हा जुगार नाही' असं एकदाही लिहू नका. नाकारायला म्हणून शब्द काढलात तरी तोच डोळ्यात भरतो. त्याऐवजी काय आहे ते लिहा. क्यू स्पोर्ट्सच्या (क्यूने खेळायच्या सगळ्या खेळांच्या) जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता १९९८ मध्ये मिळाली. जपानमधल्या अकिताला झालेल्या २००१ च्या वर्ल्ड गेम्स या बहुक्रीडा स्पर्धेपासून क्यू स्पोर्ट्स तिथे आहेत. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग १०० बाय ५० इंच, बॉलचा व्यास सव्वादोन इंच, नियम वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे. सोबत वहीच्या दहा पानांच्या प्रती लावा. आमचा दुसरा अर्ज मंजूर झाला तेव्हा समोरच्या बाईंनी बाकीचे कागद बाजूला सारून त्या प्रतीच उलटल्या होत्या. बोटाने सह्या मोजत होत्या.

ऑलिंपिकचा विषय मात्र पालकांसमोर काढू नका. "अजून ऑलिंपिकमध्ये का नाही" या प्रश्नावर अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा माणसं दाखवा. तैवानच्या वू जिया-चिंगने २००५ मध्ये नाइन-बॉलचं विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. शेन व्हॅन बोनिंगला जन्मापासून नीट ऐकू येत नाही, त्याने यू. एस. ओपन पाचदा जिंकली आणि २०२२ मध्ये विश्वविजेता झाला. आमच्या वर्गात श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा आहे. त्याच्या कपाटावर व्हॅन बोनिंगचा फोटो आहे, तो मी लावलेला नाही.

प्रात्यक्षिकाला नाइन-बॉल ठेवा. सर्वात लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श, नियमात राहून नऊ पॉट केला की रॅक जिंकला, फाउल झाला तर समोरचा पांढरा बॉल हवा तिथे ठेवणार. दोन मिनिटांत कुणालाही समजतं. एट-बॉल या दुसऱ्या प्रकारात कुणाचे बॉल पट्ट्यांचे आणि कुणाचे पूर्ण रंगाचे, हे सांगण्यातच लोक कंटाळतात. ट्रिक शॉटचे व्हिडिओ मला मुळीच आवडत नाहीत. ते बघून लोक टाळ्या वाजवतात आणि सर्कस बघितल्यासारखे निघून जातात. एखादी चांगली सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा फटका, दाखवा: पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड नेऊन ठेवला, आता समोरचा खेळाडू कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) वाट काढतोय. शेजारी उभं राहून हळू आवाजात समजावून सांगणारा एक जण हवा. लोक श्वास रोखून बघतात, मी पाहिलंय.

वेस्टकोट आणि बो टायच्या फंदात पडू नका. ते स्नूकरवाल्यांना शोभतं, आपल्या मुलांना ते घालून नीट वाकताही येत नाही. कॉलरचा टी-शर्ट, बंद बूट, एवढं पुरे.

जाता जाता एक. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पूर्ण लांबीचा क्यू देऊ नका. ५८ इंची क्यूमागे हात पोचत नाही म्हणून ती खांदा वर काढतात आणि ती सवय पुढे सुटत नाही. ४८ किंवा ५२ इंची दोन-तीन क्यू घेऊन ठेवा. माझ्याकडे त्या मुलीच्या वेळी ते नव्हते. तिचा पांढरा बॉल दर वेळी पुढे का सरकत होता, ते मला नंतर कळलं.

परत आलेल्या अर्जाची प्रत नाव-पत्ता झाकून इथे टाका. आज रात्री बघून काय काढायचं ते सांगतो.