किट राहू द्या, आधी गुण्या बघा

मुलुंडच्या वन बीएचकेत किरकोळ दुरुस्त्या आणि थोडं सुतारकाम करायचंय. त्यासाठी हत्यारांचं शंभर नगांचं किट, ग्राइंडर (धातू कापायचं-घासायचं मशीन) आणि रोटरी हॅमर (काँक्रीटला भोक पाडायचं मशीन) एकदमच घेऊन टाकू का, असं विचारलंयत. माझं मत, तिन्ही नकोत. किटमधले निम्मे सॉकेट, म्हणजे नट फिरवायच्या वाट्या, तुमच्या घरातल्या एकाही नटाला लागणार नाहीत आणि नेमकी पक्कडच तकलादू निघते.

पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू पाना, हातोडी, टेप, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि लाकूड घट्ट धरायला दोन सी-क्लॅम्प सुटे आणि चांगले घ्या. गुण्या तर दुकानातच तपासा. प्लायच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, मग उलटवून त्याच बिंदूतून दुसरी. रेघा एकावर एक बसल्या तर घ्यायचा, फाकल्या तर परत द्यायचा. जेवढं फाकलेलं दिसतं त्याच्या निम्मी चूक गुण्यात असते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

ड्रिलचं जरा सविस्तर सांगतो. साधं १३ मिमीचं (म्हणजे तेवढ्या जाडीपर्यंतचं बिट धरणारं) इम्पॅक्ट ड्रिल घरात असावंच. प्लास्टर संपून लाल भुकटी आली की समजायचं वीट आहे, काम सरसर होतं. करडीच येत राहिली, ड्रिल नुसतं किंचाळतंय आणि बिट निळं पडतंय, तर समोर काँक्रीट आहे. इम्पॅक्टमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, त्यात जोर तुमच्या हाताचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून ठोकतो, म्हणून तो काँक्रीटमध्ये सहज जातो. पण असं काम निघतं किती वेळा? पडद्याचे रॉड लावताना, कारण खिडकीवरचं लिंटल, म्हणजे वरची आडवी तुळई, बहुतेक काँक्रीटचं असतं. सगळ्या खिडक्यांची भोकं एकाच दिवशी काढा, हॅमर भाड्यानं आणा आणि सोसायटीची दुपारची बंदी सांभाळा. मध्येच सळई लागली तर हट्ट नको, भोक सरकवा.

ग्राइंडर वन बीएचकेत नकोच. काही जण त्याला लाकूड कापायचं पातं लावतात. अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं. प्लाय दुकानातूनच मापानं कापून आणा, करवतीचाही खर्च वाचतो.

जूनच्या आधी पाने, पक्कड, गुण्या यांना तेलाचा हात फिरवून ठेवा, मुंबईची दमट हवा लोखंडाला सोडत नाही. खरेदीला नागदेवी स्ट्रीट, मस्जिद स्टेशनवरून चालत. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.