टॅपेट कव्हर घरी आरशासारखं होतं का? होतं, पण बफ सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा आहे: जुन्या गाडीचं ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा नळ्यांचा भाग) नाशकात घरच्या घरी आरशासारखं चकचकीत करता येईल का? आणि ब्रासोने दोन तास घासूनही कव्हर करडंच का राहिलं, कापड मात्र काळंकुट्ट का झालं?

आधी कापडाचं सांगतो, कारण तिथे भले भले फसतात. तो काळा रंग म्हणजे मळ नाही, ते तुमचं ॲल्युमिनियमच आहे. या धातूची अगदी बारीक भुकटी काळी दिसते. कापड पांढरं निघेपर्यंत घासायचं ठरवलंत तर कव्हर संपेल, पण काळं निघायचं थांबणार नाही.

आता करडेपणाचं. ओतीव ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर नांगरलेल्या वावरासारखा असतो. ब्रासो किंवा ऑटोसोलसारखं धातूचं पॉलिश म्हणजे त्या वावरावर मारायची फळी. आधी ढेकळं फोडली नाहीत तर फळी मारून काय उपयोग? ढेकळं फोडायचं काम पॉलिश पेपरचं. लोक बफिंग मशीन, म्हणजे कापडी चाक (बफ) फिरवून चमक काढणारं यंत्र, विकत घेतात, त्या चाकाला लावायचे तीन रंगांचे पॉलिशचे साबण मागवतात आणि पेपर मात्र दोन-तीनच आणतात. मीही तेच केलं होतं.

मी नाशकातल्या अंबडला एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, मोल्ड (साचा) पॉलिशिंग करतो. कडक पोलाद आरशासारखं करणं हा रोजचा धंदा, त्यामुळे पहिलं टॅपेट कव्हर हातात घेतलं तेव्हा वाटलं, हे तर लोण्यासारखं मऊ, एका रविवारचं काम. १२० नंबरच्या पेपरने घासलं, ४०० मारला, आणि कंटाळा आला म्हणून सरळ १००० वर उडी. घरातल्या ट्यूबलाइटखाली ते इतकं सुंदर दिसत होतं की बायकोला बोलावून दाखवलं. मग बफ मारला, चेहरा दिसायला लागला. सोमवारी सकाळी बोनेटखाली बसवून उन्हात उभा राहिलो, तर प्रतिबिंबाच्या मागे बारीक रेघांचं जाळं. जशा जुन्या स्टीलच्या ताटावर असतात तशा.

ते कव्हर मी आमच्याकडच्या एका जुन्या पॉलिशवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी उजेडात धरलं नाही की चष्मा लावला नाही. फक्त अंगठ्याचं नख कव्हरवरून आडवं ओढलं, दोन ठिकाणी थांबले, आणि कव्हर परत माझ्या हातात दिलं. एवढंच. मी घरी येऊन पुन्हा ३२० पासून सुरुवात केली. त्या कव्हरने माझे तीन रविवार खाल्ले.

पेपरचा नंबर म्हणजे त्यावरच्या दाण्याचं माप. १२० चा दाणा साधारण १२५ मायक्रॉनचा, ४०० चा ३५ च्या आसपास, १००० चा १८, २००० चा १०. प्रत्येक दाणा आपल्या मापाची रेघ पाडून जातो, आणि पुढच्या नंबरचं काम फक्त मागच्याच्या रेघा काढणं. ४०० वरून १००० वर गेलात तर खोल रेघा तशाच राहतात, फक्त त्यांच्या कडा गुळगुळीत होतात. बफ त्या गुळगुळीत कडांना चमकवतो आणि रेघा आणखी उठून दिसतात. म्हणून १२०, २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० ही सगळी पायरी चढायची. २००० मिळाला तर उत्तम, पण बफ असेल तर १५०० नंतर भागतं.

दिशा बदलायची हे मात्र विसरू नका. २२० उभा मारला असेल तर ३२० आडवा. मग मागच्या रेघा लगेच वेगळ्या दिसतात, आणि शेवटची उभी रेघ गेली की तो नंबर संपला. मी मार्करने पूर्ण भागावर जाळी आखतो. ती जाळी सगळीकडून गेली तर निदान हात सगळीकडे फिरलाय एवढं कळतं. तपासायचं ते उन्हात, सकाळच्या तिरप्या उन्हात. नाहीतर अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरून.

३२० पासून पुढे वॉटर पेपर, पाण्यातच. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, म्हणजे पेपर घसरतो आणि लवकर भरत नाही. प्रत्येक नंबरनंतर पार्ट, हात आणि बादली तिन्ही धुवा, पाणी बदला. २२० चा एक दाणा १००० च्या पाण्यात राहिला तर तासाभराची मेहनत एका फेऱ्यात जाते, आणि तो कुठून आला हे कधीच कळत नाही. सपाट जागी पेपरच्या मागे रबराचा किंवा लाकडाचा ठोकळा धरा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीच्या खळग्या पडतात, आणि आरशात त्या जत्रेतल्या वाकड्या आरशासारख्या दिसतात.

पण पेपर हातात घ्यायच्या आधी थोडं बघून घ्या. लोहचुंबक लावा, चिकटला तर तो पत्रा आहे, ॲल्युमिनियम नाही. नव्या गाड्यांत कव्हर आणि मॅनिफोल्ड बहुतेक प्लास्टिकचेच येतात, तुमची जुनी गाडी आहे म्हणून हा प्रश्न तरी आहे. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन टोकं पृष्ठभागावर हलकेच टेकवा. बझर वाजला तर उघडा धातू. नाही वाजला तर वर लॅकर, रंग किंवा ॲनोडायझिंग आहे. लॅकर आणि रंग पेंट रिमूव्हरने निघतात. ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच जाड थर, आणि ते ऑक्साइड खालच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण. त्यावर ब्रासो म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते पेपरनेच खरवडावं लागतं.

तेलाचा चिकटा रॉकेल किंवा डिझेलने काढा. कुणीतरी कॉस्टिक सोड्यात बुडवायला सांगेल. नका बुडवू. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हायड्रोजन वायू सुटतो, आणि पार्ट काळा पडून वर खड्डे पडतात. लिंबू-चिंचेनेही आरसा होत नाही. कुकरच्या तळाला लिंबाची फोड टाकतो तेव्हा काळेपणा जातो एवढंच. पितळी समईला चिंच लावण्याची जादू इथे चालत नाही.

ओतकामाची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उठलेली रेघ, कानशीने काढा. कानशीवर आधी शाळेचा खडू घासा. नाहीतर मऊ ॲल्युमिनियम दातांत अडकतं, आणि अडकलेला तो कण पुढच्या फटक्यात एवढा खोल ओरखडा काढतो की १२० सुद्धा हात टेकतो. ओतकामात बारीक छिद्रंही असतात. वरचा थर काढला की ती उघडी पडतात आणि साबण भरून काळे ठिपके दिसतात. त्यांच्या मागे लागून भिंत पातळ करत बसू नका. आणखी एक, इंजिनच्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन बरंच असतं, एलएम ६ सारख्या मिश्रधातूत तर १० ते १३ टक्के. त्यामुळे त्याची चमक किंचित निळसर-करडी येते. बिलेटच्या, म्हणजे अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या, पार्टसारखी पांढरी येणार नाही, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

आता बफ. सहा इंची बेंच ग्राइंडर, २८०० फेऱ्यांचा, दगडी चाकं काढून त्यावर कापडी बफ. परिघावरचा वेग सेकंदाला बावीस मीटरच्या आसपास येतो, घरकामाला तो बरोबर आहे. चार इंची हँड ग्राइंडर ११,००० फेऱ्यांचा असतो. त्यावर बफ लावला तर तोच वेग पन्नासच्या पुढे जातो, साबण उडून जातो आणि धातू तापून ढगाळ होतो. आधी शिवलेला घट्ट बफ आणि तपकिरी साबण, मग सैल बफ आणि पांढरा. प्रत्येक साबणाला बफ वेगळा. साबण जास्त झाला की काळे पट्टे उमटतात. त्यावर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरून जुन्या बनियनने पुसा, चिकटा उचलला जातो.

बफ किती इमानदार दिसतो आणि किती बेइमान असतो ते मी एका दुपारी शिकलो. चाक वरून खाली, आपल्याकडे फिरतं, म्हणून पार्ट चाकाच्या मध्याच्या खाली धरायचा आणि धार कधी चाकाच्या तोंडासमोर द्यायची नाही, धारेवरून चाक बाहेर निघून जायला हवं. मी कव्हरची बोल्टची कड सरळ समोर दिली. कव्हर हातातून कसं गेलं ते दिसलंही नाही. धाडकन आवाज, आणि बघतो तर कव्हर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीच्या कुंडीचा टवका काढून पडलेलं. दोन इंच इकडे असतं तर माझं मनगट होतं. तेव्हापासून हातमोजे घालून बफसमोर उभा राहत नाही, कारण मोजा चाकात गेला की हातही जातो. बाह्या दुमडलेल्या, गॉगल आणि मास्क. पार्ट तापला तर ठेवून द्यायचा आणि चहा घ्यायचा.

ॲल्युमिनियमची भुकटी मात्र गमतीत घेऊ नका. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्यावर हे काम नको. गंज आणि ॲल्युमिनियमची बारीक भुकटी म्हणजे थर्माइटचा मसाला. ठिणगी पडली तर पेटतं आणि पाण्याने विझत नाही. दगडी चाकावरही ॲल्युमिनियम घासू नका, चाक भरतं, तापतं आणि फुटू शकतं.

आता तुम्ही विचारलं नाही पण सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला ब्रीदरसाठी, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर जायच्या वाटेसाठी, एक पत्र्याची पट्टी रिव्हेट करून बसवलेली असते, तिच्या मागे पोकळी. पेपरची माती आणि साबण नेमके तिथे जाऊन बसतात. वरून कव्हर आरसा, आणि इंजिन सुरू झालं की तेच दाणे तेलातून कॅमशाफ्ट आणि बेअरिंगपर्यंत. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळी भोकं आतून-बाहेरून टेपने बंद करा, आणि संपल्यावर रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग कॉम्प्रेसरच्या हवेने तीन-तीनदा धुवा. टायरवाल्याकडे हवा मारून मिळते. पांढऱ्या कागदावर कव्हर आपटून बघा, एक दाणा जरी पडला तरी पुन्हा धुवा. गॅस्केट बसतं त्या तोंडांना पेपर लावायचाच नाही, तेल गळेल.

सामान नाशकात सगळं मिळतं. वॉटर पेपर रंगाच्या कुठल्याही दुकानात. बफ आणि साबण सातपूर-अंबडच्या टूल्सवाल्यांकडे किंवा भांडी बाजाराच्या आसपास. पावसाळ्यात जाणार असाल तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाही ते विचारून जा. गोदावरी चढली की तिकडची दुकानं आधी माल वर चढवतात, गिऱ्हाईक नंतर. बफ मारून घ्यायचं असेल तर भांडी पॉलिशवाल्यांकडे फक्त शेवटचा हात द्या, पेपर घरी पूर्ण करून. त्यांना दोन गोष्टी सांगा: बफ नवा किंवा फक्त ॲल्युमिनियमचा लावा, पितळेचा नको, आणि कव्हरवरच्या उठावाच्या अक्षरांवर जोर देऊ नका. दसरा-दिवाळीच्या आधी मात्र जाऊ नका. समया, घंगाळं आणि देवघरातली भांडी यांच्या रांगेत तुमचं कव्हर महिनाभर पडून राहील.

चमक किती टिकते? उन्हाळ्यात बरी, पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मंद होते. मी कारचं साधं वॅक्स लावतो आणि महिन्यातून एकदा ऑटोसोलचा हात फिरवतो, दहा मिनिटांचं काम. क्लिअर लॅकर मारू नका. चमक लगेच एक पायरी उतरते, इंजिनच्या गरमीने तो पिवळा पडतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.

मॅनिफोल्ड बाहेरून करा, पण आतल्या वाटा आरसा करायच्या भानगडीत पडू नका. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवर पाझरत जातात, किंचित खरबरीत भिंत त्याला बरी. शिवाय मॅनिफोल्डचे बाहेरचे कोपरे म्हणजे शिक्षा आहे: तिथे आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून एकेक इंच सरकावं लागतं. म्हणून आधी टॅपेट कव्हर घ्या. त्याच्याही आधी भंगारवाल्याकडून एखाद्या बाइकचं फुटकं क्लच कव्हर आणा आणि तळहाताएवढ्या जागेवर १२० पासून १५०० पर्यंत जाऊन बघा. बाइकच्या कव्हरवर बहुतेक वेळा लॅकर असतो, तो काढायचा सरावही त्यातच होईल.