विसार घेतला, घोडी मात्र अडवली

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो आणि त्यानंतर या सदराकडे मोडलेल्या सौद्यांची पत्रे येऊ लागतात. या वेळी निवडलेल्या चारही पत्रांचा विषय घोड्याचा ठरलेला आणि फिसकटलेला व्यवहार हाच आहे. पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आम्ही शेजारच्या तालुक्यातील एका घोडेमालकाकडील चार वर्षांची कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) मारवाडी घोडी २,८५,००० रुपयांना ठरवली आणि ५०,००० रुपये विसार त्यांच्या बँक खात्यात भरला. ‘घोडीचा विसार मिळाला, बाकी रक्कम देऊन दसऱ्यानंतर घेऊन जा,’ असा संदेश त्यांनी मोबाइलवर पाठवला. त्यानंतर आमच्या खर्चाने पशुवैद्यकांकडून घोडी तपासून घेतली, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना पाठवला आणि अहवाल चांगला आला. दसऱ्याच्या आधी चार दिवस त्यांचा फोन आला की घरातून विरोध आहे, घोडी द्यायची नाही. त्याच संध्याकाळी ५०,००० रुपये आमच्या खात्यात परत आले. कोणीतरी जास्त किंमत देऊ केली आहे, असे गावात बोलले जाते. आम्हाला घोडीच हवी आहे. विसार परत आल्यामुळे व्यवहार संपला का? — वाचक, बार्शी तालुका

उत्तर : व्यवहार संपलेला नाही. विसार परत पाठवला म्हणजे आपण मोकळे झालो, असा विक्रेत्यांमध्ये सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. करार दोघांनी मिळून केलेला असतो, त्यामुळे एकाने पैसे परत केल्याने तो रद्द होत नाही. मात्र दुसऱ्याने ते पैसे निमूटपणे ठेवून घेतले, तर रद्द करण्यास त्याची संमती होती असे पुढे म्हणता येते. म्हणून आजच्या आज त्यांना लेखी कळवा की ही रक्कम आपण परतफेड म्हणून स्वीकारलेली नाही, ती पूर्ण किमतीसह देण्यास आपण तयार आहात आणि घोडीचा ताबा अमुक तारखेला हवा आहे. मोबाइलवर कळवाच, पण वकिलामार्फत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीसही पाठवा. त्यांचा विसाराचा संदेश पुसला जाणार नाही याची काळजी घ्या. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे तो मोबाइल विकू किंवा बदलू नका.

आता घोडी कोणाची, हा प्रश्न. मालविक्री कायदा, १९३० नुसार घोडा हा ‘माल’ आहे. ठरावीक आणि ताबा देण्याजोग्या स्थितीतील मालाचा विनाअट करार झाला की मालकी त्याच क्षणी खरेदीदाराकडे जाते, पैसे किंवा ताबा नंतर द्यायचा असला तरी, असे त्या कायद्याचे कलम २० सांगते. परंतु हा नियम दोघांचा उद्देश वेगळा दिसत नसेल तेव्हाच लागू होतो. तुमच्या संदेशात बाकी रक्कम आणि ताबा एकत्र बांधलेले आहेत, त्यामुळे मालकी पूर्ण रक्कम दिल्यावरच जायची होती, असा अर्थ न्यायालयाने लावण्याची शक्यता मला अधिक वाटते. म्हणजे तुमच्या हाती आज विक्री नाही, विक्रीचा करार आहे. यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण मालकीबरोबर जोखीमही येते. विसाराच्या दिवशीच घोडी तुमची झाली असती आणि दसऱ्यापूर्वी पोटशूळाने दगावली असती, तर कलम २६ प्रमाणे ते नुकसान सामान्यतः तुमच्याच माथी आले असते.

करार मोडल्यावर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि त्या विरुद्ध दिशांना जातात, ही गोष्ट बहुतेक वाचकांच्या लक्षात येत नाही. घोडीच हवी असेल, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ खाली कराराच्या पूर्ततेचा दावा लावावा लागेल आणि त्यात तुम्ही प्रथमपासून शेवटपर्यंत आपला भाग पार पाडण्यास तयार आणि इच्छुक होता, हे कलम १६ प्रमाणे सिद्ध करावे लागेल; म्हणजे २,८५,००० रुपये उपलब्ध असल्याचे दाखवता आले पाहिजे आणि मधल्या काळात दुसरी घोडी घेऊन मोकळे होणे तुमच्याच दाव्याला मारक ठरेल. याउलट नुकसानभरपाई हवी असेल, तर करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग तुम्हाला उपलब्ध होते हे पाहिले जाते, म्हणून हातावर हात धरून बसणे महागात पडते. वाजवी वेळेत तशीच दुसरी घोडी घ्यावी आणि किमतीतील फरक मागावा. २०१८ च्या दुरुस्तीने स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २० मध्ये अशीच सोय झाली आहे : किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार दुसऱ्याकडून पूर्ण करून घ्यायचा आणि झालेला खर्च करार मोडणाऱ्याकडून वसूल करायचा. मात्र ही सोय वापरली की मूळ घोडीसाठी पूर्ततेचा दावा करता येत नाही. घोडी हवी की पैसे, हे घरात बसून आधी ठरवा आणि मगच नोटीस लिहून घ्या. दोन्ही मागण्यांची खिचडी केलेली नोटीस पुढे उलटतपासणीत अडचणीची ठरते.

घोडी मिळण्याची शक्यता कितपत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मालविक्री कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे ठरावीक मालाच्या बाबतीत, भरपाई देऊन माल स्वतःकडे ठेवण्याची मुभा न देता, तोच माल द्यावा असा हुकूमनामा न्यायालय करू शकते आणि विशिष्ट वंशाची, विशिष्ट गुणांची निवडलेली घोडी ही बाजारात कुठेही मिळणारी वस्तू नव्हे, असा युक्तिवाद करण्यास जागा आहे. परंतु दिवाणी दावा चालेपर्यंत घोडीचे उमेदीचे दिवस निघून जाऊ शकतात. म्हणून खरी लढाई दाव्याच्या पहिल्या काही दिवसांत असते : दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाई हुकमाचा अर्ज द्यावा आणि निकालापर्यंत घोडी विकू वा हलवू नये, असा आदेश मागावा. तो मिळाला, तर समोरचा पक्ष बहुधा बोलणीला येतो.

दुसरे तातडीचे काम म्हणजे जास्त किंमत देणारा तो माणूस. त्याचे नाव कळत असेल तर त्यालाही आपल्या कराराची लेखी सूचना द्या. या घोडीचा आधी करार झाला आहे हे माहीत नसताना, प्रामाणिकपणे पैसे मोजून तिचा ताबा घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. माहीत असून घेणाऱ्याला देत नाही. एका पत्राने त्याचा हा बचाव जातो. पत्राची भाषा साधी ठेवा, धमकी नको.

भरपाईचीच वाट धरली, तर किमतीतील फरकाखेरीज पशुवैद्यकांचे शुल्क, रक्ततपासणी आणि ठरवलेल्या वाहनाचे बुडालेले भाडे पावत्यांसह मागता येईल. मनस्तापाचे पैसे अशा व्यवहारात मिळत नाहीत. घोडीसाठी नवा तबेला बांधला असेल, तर तो त्याच घोडीसाठी बांधला जात आहे हे विक्रेत्याला करार करताना ठाऊक होते, असे दाखवावे लागेल. आणि दुसरी घोडी तिथे बांधलीत की ती मागणी आपोआप गळून पडते. दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, पण घोडीच हवी असल्यास तीन आठवडे थांबणेही बरे नव्हे.

प्रश्न : अकलूजच्या बाजारात दलालामार्फत एका परप्रांतीय व्यापाऱ्याशी नुकऱ्या (पांढऱ्या रंगाच्या) शिंगराचा सौदा झाला. टॉवेलखाली बोटे धरून भाव ठरला, ११,००० रुपये रोख हातावर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगरू न्यायला गेलो, तर व्यापारी म्हणाला की ठरलेला भाव वेगळा होता. त्याने रोख परत केली आणि शिंगरू दुसऱ्याला दिले. फसवणुकीचा गुन्हा दाखल करता येईल का? — वाचक, सांगोला

उत्तर : तोंडी सौदा कायद्याने वैध असतो, मालविक्री कायद्याचे कलम ५ तसे म्हणतेच. अडचण भावाची आहे. करार कायद्याच्या कलम २९ मध्ये अनिश्चित करार रद्दबातल असल्याचे सांगताना दिलेले एक उदाहरण जणू तुमच्यासाठीच लिहिलेले आहे : आपला पांढरा घोडा ‘पाचशे किंवा हजार रुपयांना’ विकण्याचे एकाने मान्य केले, दोहोंपैकी कोणता भाव ते समजण्यास काही साधन नाही, म्हणून करार रद्दबातल. (१८७२ च्या या कायद्यात घोडे जागोजागी भेटतात, त्यावरून त्या काळी न्यायालयांत कोणते तंटे येत असावेत याची कल्पना येते.) टॉवेलखालचा भाव भोवतालच्या गर्दीला कळू नये म्हणूनच ती पद्धत पडली आहे, त्यामुळे चारजण शेजारी उभे असले, तरी भावाचे साक्षीदार ते होऊ शकत नाहीत. बोटे दलालाने धरली असतील, तर त्याचा जबाब हा तुमचा एकमेव भक्कम पुरावा. पण दलाली कोणाकडून घेतली, हे विचारले जाईलच.

गुन्ह्याविषयी : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी सौदा करतानाच मनात कपट असावे लागते. सौदा प्रामाणिकपणे झाला आणि नंतर मन फिरले, तर तो करारभंग आहे. हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा फरक स्पष्ट केला आहे. एकच शिंगरू दाखवून व्यापाऱ्याने अनेकांकडून पैसे उकळले असते, तर गोष्ट निराळी. तुम्हाला तर रोख दुसऱ्याच दिवशी परत मिळाली आहे. पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही. दिवाणी दावा करायचाच असेल, तर व्यापाऱ्याच्या राज्यात जाण्याची गरज नाही. करार अकलूजला झाला आणि मोडलाही तिथेच, त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे तो माळशिरस तालुक्यावर अधिकारक्षेत्र असलेल्या न्यायालयात लावता येतो. परंतु लेखी काही नसताना आणि पैसे परत आलेले असताना भावातील फरकापलीकडे हाती फारसे लागणार नाही, आणि माझ्या मते हा दावा करू नये. पुढच्या वेळी बोटे टॉवेलखाली धरा हवी तर, पण टॉवेल काढल्याबरोबर आकडा मोठ्याने बोलून कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : मोबाइलवर जाहिरात पाहून पंजाबातील घोडीसाठी आधी विसार, मग ट्रकभाडे, मग ‘आरोग्य दाखल्याचे’ पैसे पाठवले. आता फोन बंद लागतो. — वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : हा मोडलेला सौदा नव्हे, उघड फसवणूक आहे, घोडी बहुधा त्यांच्याकडे कधीच नव्हती. हे वाचत असतानाच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, व्यवहार क्रमांक सांगा आणि आपल्या बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. नोटीस वगैरेच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : मी स्वतः विक्रेता आहे. आषाढीत आमच्या भागातून पालखी जाते तेव्हा रिंगणातील अश्व पाहून धाकट्या मुलीने हट्ट धरला, म्हणून भीमथडी घोडी घेतली होती. खर्च झेपेना म्हणून या वर्षी ती पुण्याच्या एका गृहस्थांना ठरवली, २१,००० रुपये विसार घेतला. सौदा मोडल्यास विसार दुप्पट परत करीन, असे पावतीवर लिहिले आहे. आता मुलगी जेवायला तयार नाही. दुप्पट देऊन सुटका होईल का? — वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : दुप्पट रक्कम म्हणजे सौदा मोडण्याचा परवाना, असे कायदा मानत नाही. ती करार कायद्याच्या कलम ७४ खालची ठरवलेली भरपाई आहे. खरेदीदाराला तेवढ्या मर्यादेपर्यंत वाजवी रक्कम मिळते, पण अशी रक्कम ठरली असली तरी तो कराराची पूर्तताही मागू शकतो. मात्र दोघांपैकी कोणालाही अमुक तारखेपर्यंत सौदा सोडता येईल आणि विक्रेत्याने सोडल्यास दुप्पट विसार द्यावा, अशी मुभाच पावतीत स्पष्ट असेल, तर अर्थ बदलतो. पावती पुन्हा वाचून पाहा. घोडी स्वस्तात गेली, हाही बचाव नाही : हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचे राजीखुशीने ठरवले, तरी तो करार आहे, हे त्याच कायद्यातील कलम २५ चे उदाहरण.

तुमच्याकडे मोडण्याचा हक्क नाही, पण विनंती करण्यास कोणी अडवलेले नाही. फोनवर टाळाटाळ न करता पुण्याला समक्ष जा, खरे कारण सांगा आणि विसार, तो दुप्पट करणारी तेवढीच वरची रक्कम व त्यांचा आजवरचा खर्च, असे तिन्ही एकदम देऊ करा. त्यांनी मान्य केल्यास ‘परस्परसंमतीने करार रद्द केला, एकमेकांवर कोणताही दावा उरलेला नाही’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि मूळ पावती परत घ्या. ते तयार नसतील, तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दाव्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तिथे तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ मिळते. तेथेही जमले नाही, तर घोडी द्यावी लागेल अशा तयारीने राहा, आणि तोवर तिचा खुराक व खरारा यात कसूर होऊ देऊ नका, कारण ठरली तेव्हा होती तशाच स्थितीत ती पुण्याच्या गृहस्थांना मिळायला हवी.